उशिरा आणले

चंद्रपूर
२१ एप्रिल २०२५

प्रिय मंगरूभाऊ,

येशूच्या नावानं सलाम. तू म्हणशील, कोण हा बापूजी? जांभूळमेट्ट्याच्या वसतिगृहात तू मुलांचा स्वयंपाक करायचास आणि मी तिथला पास्टर आणि प्रमुख होतो, तोच. बावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा पत्ता मुलचेऱ्याच्या एका बाईंकडून मिळाला. बंगाली वस्तीच्या टोकाला, तळ्याजवळ तुमचं घर आहे आणि तिथं फोन लागत नाही, असं त्या म्हणाल्या. लागला असता तरी मी केला नसता. हे तोंडानं बोलायचं धाडस माझ्यात नाही.

इथं लोक मला नम्र म्हणतात, मंगरू. मी खुर्चीवर बसत नाही. आमच्या प्रार्थनामंदिरामागचा संडास स्वतः धुतो. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी बारा जणांचे पाय धुतो, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. सप्टेंबरात आमच्या भागातल्या चर्चांच्या परिषदेचा नवा अध्यक्ष निवडायचा आहे. जो तो माझंच नाव घेतो.

गेल्या गुरुवारी बाकावर बारा जण बसले होते. एक रिक्षावाले, दोन विधवा, एक झाडूवाली बाई, बाकीचे म्हातारे. मी गुडघ्यांवर सरकत एकेकापुढे परात नेत होतो. बारावे पाय पुसून झाले आणि परात उचलायला गेलो, तर पुढे आणखी एक जोडी होती. लहान पाय. बोटांच्या बेचक्यात चिखल. मी ते हातात घेतले आणि माझे तळवे भाजले, इतका त्यात ताप होता. मी ते धुतले, पुसले. मान वर केली नाही.

उठलो तेव्हा बाकाच्या त्या टोकाला कोणी नव्हतं. खाली पाणी सांडलेलं होतं. मंडळीनं एवढंच पाहिलं की पास्टर रिकाम्या जागेपुढे वाकून बसलेत. त्यांना वाटलं, प्रार्थनेत आहेत. काही बाया रडल्या.

ते पाय तुझ्या सुकरीचे होते. त्यानंतर मला झोप नाही. भर दुपारीसुद्धा मंदिरात एकटं जायला पाय उचलत नाही.

मंगरू, त्या दिवशी माझ्याकडून उशीर झाला. गाडी दुसऱ्या कामाला गेलेली होती, आणि सुकरीला दवाखान्यात न्यायला ती वेळेवर मिळाली नाही. अध्यक्षपदाचा विचार करण्याआधी मला तुझी क्षमा हवी आहे. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझा,
बापूजी देवगडे

*

मुलचेऱ्याजवळून
६ मे २०२५

पास्टरसाहेब,

सलाम. मी रुखमा, मंगरूची बाई. पत्र त्याईच्या नावाचं होतं, पन वाचाचं काम माह्यंच. तुमच्याच वसतिगृहात सिस्टरबाईनं आमा बायांले अक्षरं शिकवली होती. लिहाले वेळ लागते, म्हनून इतके दिवस गेले.

तुमचं पत्र मी त्याईच्या समोर बसून पुरं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं. ते काई बोलले नाई.

लालसू आता मोठा झाला. आलापल्लीकडं जंगल खात्यात गार्ड आहे. त्याले तुमचं पत्र दाखवलं नाई. आमच्या घरात त्याच्यासमोर सुकरीचं नाव कोनी काढत नाई.

आता मले दोन गोष्टी विचाराच्या आहेत. गाडी दुसऱ्या कामाले गेली होती असं तुमी लिहिलं. कोनत्या कामाले? कोनत्या वाटेनं? ते काऊन नाई लिहिलं?

दुसरं. सुकरी तुमाले दिसली म्हनता. मले ती बावीस वर्सात एकदा नाई दिसली. सपनात बी नाई. सुरुवातीले मी तिची थाळी दाराजवळ मांडून बसत होती. दुपारी सारं गाव वावरात गेलं की दार उघडं ठेवत होती. कोनी आलं नाई. तिचा फोटो आमच्याकडं नाई. आता तिचं तोंड आठवाले गेली तं लालसूचंच तोंड समोर येते. अन् ती तुमच्याकडं येते! काऊन? तुमी तिचे कोन लागता?

तुमी वर काऊन नाई पाह्यलं?

पुन्हा आली तं वर पाहा. केस कसे आहेत ते मले लिहा. तिचा समोरचा दात पडला होता. तो आला का, तेवढं पाहा.

रुखमा

*

चंद्रपूर
१९ मे २०२५

रुखमाबाई, आणि मंगरूभाऊ,

तुमचं पत्र खिशात घेऊन आठ दिवस फिरलो. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितो.

गाडी पाहुण्यांना आणायला गेली होती. परदेशातून चार जण येणार होते. वसतिगृहाची नवी इमारत त्यांच्या भरवशावर उभी राहायची होती. आदल्या दिवशी मी जीप धुऊन घेतली होती, सीटना पांढऱ्या खोळी शिवून घेतल्या होत्या. पहाटे मी बल्लारशा स्टेशनला निघायच्या तयारीत असताना मंगरू सुकरीला खांद्यावर घेऊन आला. ती तापानं फणफणली होती. स्वयंपाकघराच्या पायरीवर तिला ओकारी झाली, ती मी पाहिली.

आलापल्लीचा दवाखाना माझ्या वाटेवरच होता. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

मंगरू म्हणाला, "साहेब, आलापल्लीले सोडून द्या." मी खोळींकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुम्ही पायी पुढं व्हा, मला अजून थोडा वेळ लागेल. वाटेत घेतो." मला वेळ लागणार नव्हता. तुम्ही नजरेआड झालात तरी मी दोन-अडीच तास गाडीजवळच रेंगाळलो, म्हणजे तुम्ही पायीच पोचाल.

दहा किलोमीटरवर, सागवानाच्या वळणाला तुम्ही दिसलात. पुढं मंगरू, मागं डोक्यावर पोतं घेतलेल्या तुम्ही. गाडीचा आवाज ऐकून मंगरू बाजूला सरकला आणि थांबला. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेलो. मनात म्हटलं, आता चारच किलोमीटर तर राहिलं. आलापल्लीत दवाखान्यापुढूनही गेलो, पण एका शब्दानं कोणाला सांगितलं नाही, की मागून एक लेकरू येतं आहे.

इतकी वर्षं मी असं धरून चाललो, की पावसात काचेतून तुम्हाला माझं तोंड दिसलं नसेल.

सुकरी पुन्हा आलेली नाही. दाताचं मला सांगता येत नाही. मी पाहिलं नाही.

मंगरू अजून बोलत नसेल तर मी समजू शकतो. जूनमध्ये मी तिकडे येतो. मला त्याचे पाय धुऊ द्या. तुमच्या अंगणात, चार माणसांसमोर. मग त्यानं मला दाराबाहेर काढलं तरी चालेल.

बापूजी

*

मुलचेऱ्याजवळून
१० जून २०२५

पास्टरसाहेब,

तुमी येऊ नका.

पाय धुनाऱ्या मानसाले वर पाहावं लागत नाई. समोर कोन बसला आहे, त्याचं तोंड कसं झालं आहे, काई पाहावं लागत नाई. तुमी इतक्या जनाचे पाय धुतले, मले आता समजलं काऊन धुतले ते.

अन् त्याईचे पाय मी कुठून आनू? ते जाऊन तीन वर्सं होत आली. तळ्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली त्याईचा दगड उभा केला आहे. त्याच्यासमोर बसून मी तुमची पत्रं वाचते. आधी नाई सांगतलं. मले पाह्याचं होतं, जित्या मानसाले भेवून तुमी किती खरं लिहिता.

गाडीचं लिहिलं, बरं केलं. तुमचं तोंड आमाले दिसलं होतं. सुकरीले बी दिसलं. ती बापाच्या खांद्यावरून म्हनाली, "बाबा, साहेब गेले." त्याच्यावर ती काई बोलली नाई. आमी आलापल्लीले पोचलोच नाई. अर्ध्या कोसानं वापस फिरलो.

पन तुमी अजून बी पुरं नाई लिहिलं. मंडळीच्या रजिस्टरात सुकरीच्या नावापुढं काय लिहिलं होतं ते काऊन नाई लिहिलं? मले पाठ आहे. सिस्टरबाईनं मले वाचाले शिकवलं आनि मी पहिल्यांदा जे वाचलं ते तेच. "पालकांनी आधी पुजाऱ्याकडे नेले. दवाखान्यात उशिरा आणले." तुमचं अक्षर होतं.

आमी पुजाऱ्याकडं झाडफूक कराले गेलोच नाई, साहेब.

त्याच्यावर चर्चच्या वडील पंचाईनं त्याईचं प्रभुभोजन सहा महिने बंद केलं. सारे भाकर-रस घ्याले पुढं जात, अन् ते मागं दाराजवळ उभे राहत. मी म्हनलं, मंडळीत उभं राहून सांगा ना, गाडी आमच्या बाजूनं गेली म्हनून. ते म्हनले, "लालसूले इथंच शिकवाचं आहे. माह्या तोंडानं साहेब खोटे पडले तं पोराले कोन ठेवन? मलेच खोटं पडू दे. मी सैपाक करनारा मानूस, माह्यं काय जाते."

मग आमी इकडं आलो अन् लालसूले तुमच्या वसतिगृहात ठेवलं. तो आठवीत होता तवा तुमी चंद्रपूरवरून तिथं पाहुने म्हनून उपदेश कराले आले होते. एका अडानी बापाची गोष्ट सांगतली. नाव नाई घेतलं, पन पोराईले सारं मालूम राह्यते. सुटीत तो घरी आला अन् दारातच बापाले म्हनला, "सुकरीले तुमी मारलं?" त्याईनं माह्याकडं पाह्यलं, बोलू नको म्हनून. मान खाली घातली. त्या दिवसापासून पोरानं त्याईले बाबा म्हनून हाक नाई मारली. मरेपर्यंत नाई.

मले त्याईनं वचन घातलं होतं. मानूस गेल्यावर वचन सुटते का, मले समजत नाई. तुमी शिकलेले आहा, सांगा.

आता कधी दुपारी चूल विझवून पडली की बाहेर थाळ्या मांडल्यासारखा आवाज येते. एकामागं एक, पन्नास पोराईच्या थाळ्या. उठून पाह्यते तं कोनी नाई. सुकरी तं नाईच.

रुखमा

*

आलापल्ली
९ जुलै २०२५

रेव्हरंड देवगडे यांस,

मी लालसू मंगरू नैताम. धानाच्या रोवणीसाठी दोन दिवस सुटी घेऊन घरी गेलो होतो. आईनं तांदळाच्या कोठीमागं तुमची पत्रं आणि तिच्या उत्तरांचे कच्चे कागद ठेवले होते. तिनं मला काहीच सांगितलं नाही, वचन मोडलं नाही. मी कोठी सरकवली म्हणून सापडली. नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तू वाचलं, मी बोलली नाई."

तुमचा तो उपदेश मला शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही जमिनीवर बसून बोलला होतात. आम्हा पोरांना तुम्ही फार आवडला होतात. जेवण झाल्यावर तुम्ही आमच्यासोबत थाळ्या घासल्या. माझ्या शेजारी बसून घासल्या. मी कोणाचा मुलगा ते तुम्हाला माहीत होतं का? माहीत असेल तर लिहू नका. माझ्याच्यानं ते वाचवणार नाही.

नऊ वर्षं मी बापाशी धड बोललो नाही. नोकरी लागली तेव्हा पेढे आईच्या हातात दिले. तो शेजारी उभा होता. तो गेला तेव्हा खांदा दिला, पण तोंडावरचं फडकं बाजूला केलं तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो.

माझी गस्तीची बीट त्याच रस्त्यावर आहे. सागवानाच्या वळणावरून मी रोज पायी जातो. पत्रं वाचल्यापासून तिथं मागून गाडीचा आवाज येतो. मी बाजूला सरकून उभा राहतो. गाडी येत नाही. सोबतचा मजूर विचारतो, "साहेब, काऊन थांबले?" त्याला काय सांगू?

मी एखाद्या रविवारी येऊन तुमच्या मंडळीसमोर ही पत्रं वाचू शकतो. तसं ठरवलंही होतं. पण रजिस्टरात तुम्ही तुमच्या हातानं लिहिलेलं आहे, ते तुमच्याच हातानं खोडा. आईला आता पत्र लिहू नका. तिला लिहायला फार त्रास होतो, आणि वाचल्यावर दोन दिवस ती जेवत नाही. जे लिहायचं ते मला लिहा.

लालसू नैताम

*

चंद्रपूर
८ ऑक्टोबर २०२५

लालसू,

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नाही. खोडल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

वीस सप्टेंबरला परिषद भरली. दोनशे माणसं होती. माझं नाव पुकारल्यावर मी उठलो आणि सगळं सांगितलं. खोळी, हॉर्न, रजिस्टर, तुझ्या वसतिगृहातला तो उपदेश. तुझ्या बाबांचं आणि सुकरीचं पूर्ण नाव घेतलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, आता कोणी तरी उठेल आणि माझ्या अंगावर थुंकेल.

चर्चचे एक वयस्क पंच उठले. रडत रडत जवळ आले, मला मिठी मारली आणि सभेकडे वळून म्हणाले, "एवढ्या पदाच्या उंबरठ्यावर स्वतःचं पाप असं कोण उघडं करतो? याहून नम्र सेवक आपल्याला कुठं मिळणार?" कोणी तरी गीत सुरू केलं. सगळे उभे राहिले. मला एकमतानं अध्यक्ष निवडलं.

आणि लालसू, खोटं लिहीत नाही. त्या घटकेला मला गोड वाटलं. तुझी बहीण मेली त्या गोष्टीवरसुद्धा मी मान मिळवला होता, आणि मला गोड वाटत होतं. मग मला स्वतःची जेवढी भीती वाटली, तेवढी त्या लहान पायांची वाटली नव्हती.

गीत संपल्यावर मी म्हणालो, "क्षमा करायची ती त्या घरानं. तुमच्याकडे मी ती मागितलेली नाही. तुमच्याकडे मागतो ते रजिस्टर." तेव्हा मात्र गीत म्हणणारे खाली बसले. चिटणीस म्हणाले, "झालं गेलं. आता त्यात हात कशाला घालायचा? प्रभुभोजन बंद करणारे वडील पंच अजून हयात आहेत. मिशनचं नाव जाईल." ज्यांनी मला मिठी मारली होती तेच म्हणाले, "पास्टर, इतकं ताणू नये."

मला माफ करणं कोणालाच जड गेलं नाही. मंगरूला निर्दोष म्हणायला सगळ्यांना जड जात होतं.

मी अध्यक्षपद नाकारलं आणि पास्टरकीचा राजीनामा दिला. झगा चिटणिसांच्या टेबलावर ठेवला. त्यांना वाटलं, हीही माझी नम्रताच, दोन दिवसांत परत येईन. नाही गेलो. रोज कचेरीत जाऊन बाकावर बसलो आणि रजिस्टर मागितलं. काही जण माझ्याशी बोलायचे थांबले. शेवटी चिटणीस कंटाळून म्हणाले, "चला, संपवू या."

पाच तारखेच्या रविवारी आम्ही जांभूळमेट्ट्याला गेलो. मी समोर उभा राहून जुनी नोंद वाचली, ती खोडली आणि तिच्याखाली नवी लिहिली. प्रभुभोजन बंद करणाऱ्यांपैकी दोघं पुढच्याच रांगेत होते. एक उठून निघून गेले. दुसरे मान खाली घालून बसले. मागून गावातली एक म्हातारी बाई उठली. ती म्हणाली, "आमाले मालूम होतं, साहेब. त्या आठवड्यात पुजारी गावात नव्हताच. तो पोरीच्या घरी गेला होता. साऱ्या गावाले मालूम होतं."

मी विचारलं, "मग कोणी बोललं का नाही?"

ती म्हणाली, "तुमी लिहिलं होतं ना."

नव्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल सोबत आहे. तीत लिहिलं आहे: सुकरी मंगरू नैताम, वय सहा. पालकांनी वसतिगृहात वेळेवर आणले. वसतिगृहप्रमुख बापूजी देवगडे यांनी गाडीत घेण्यास नकार दिला. पुजाऱ्याकडे नेल्याची नोंद खोटी होती. मंगरू नैताम यांच्यावर मंडळीने अन्याय केला.

आईंना सांग, मी बाकाच्या प्रत्येक रिकाम्या टोकाकडे आता मान वर करून पाहतो. ती येत नाही. वचनाचं त्यांनी विचारलं होतं. मला उत्तर माहीत नाही. मी कोणाला काही शिकवावं असा आता राहिलो नाही.

बापूजी देवगडे

*

मुलचेऱ्याजवळून
२० ऑक्टोबर २०२५

देवगडेसाहेब,

नक्कल मिळाली. दगडासमोर बसून आईला वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "पयली ओळ पुन्हा वाच." ती मी पाच वेळा वाचली. सुकरी मंगरू नैताम, वय सहा. आठवीतल्या त्या दिवसानंतर हे नाव मी मोठ्यानं पहिल्यांदाच उच्चारलं. नंतर आई बोलायला लागली. सुकरीला पाण्याची भीती वाटायची, मला ती कडेवर घेऊन पडायची, असलं काहीबाही. संध्याकाळपर्यंत बोलत होती.

मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पुढं कधी करीन की नाही, तेही माहीत नाही.

पण एक विचारायचं आहे. त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरामागच्या खोलीत सुकरीला मांडीवर घेऊन बसली होती. पाहुणे येतात, आवाज करू नको, असं बाबांनी सांगितलं म्हणून तिनं पदर तोंडात धरला होता. पुढच्या खोलीत काय झालं, ते तिला माहीत नाही. मी चार वर्षांचा होतो. मला काहीच आठवत नाही.

तुम्ही तिथं होता. त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत माझा बाप कसा होता, हे पाहिलेला जिवंत माणूस तुम्ही एकटेच. मला नऊ वर्षं मिळाली होती त्याच्याकडे पाहायला, मी पाहिलं नाही. आता त्याच्याबद्दल विचारायला तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. याच्याइतकं मला काहीच झोंबत नाही.

जे झालं ते लिहा. गोड करू नका. स्वतःला शिव्या देत बसू नका, त्यानं पानं भरतात. त्याच्याबद्दल लिहा.

लालसू

*

चंद्रपूर
२९ ऑक्टोबर २०२५

लालसू,

लिहितो.

मी पाच वाजता पाहुण्यांना घेऊन पोचलो. पाऊस उघडला होता. तुझे बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अंघोळ केलेली, धुतलेला निळा सदरा घातलेला, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या. पाहुणे हातपाय धुवायला गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पोरगी गेली."

मी म्हणालो, "पाहुण्यांना झोपू दे, मग बोलू."

ते म्हणाले, "बरं. जेवन तयार आहे."

त्यांनी भात केला होता, तुरीची डाळ केली होती आणि कोंबडीचा रस्सा. पाहुण्यांना तिखट सोसत नाही असं मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. रस्सा दोन भांड्यांत होता, पाहुण्यांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा. वसतिगृहातल्या पन्नास मुलांना त्यांनी आधी वाढलं. एकही मूल उपाशी नव्हतं. तू त्या पंगतीत शेवटी बसला होतास. तुला त्यांनी स्वतः घास भरवले आणि तुझं तोंड पुसलं.

मग ते आम्हाला वाढायला आले. चारही ताटं त्यांनी सारखी वाढली. पाहुण्यांत पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांना जेवण फार आवडलं. त्या दोनदा तुझ्या बाबांकडे पाहून हसल्या आणि मला म्हणाल्या, या माणसाला विचारा, याला मुलं किती?

मी ते विचारणं टाळू शकलो असतो. काहीही सांगू शकलो असतो. मी विचारलं. म्हणालो, "मंगरू, बाई विचारतात, मुलं किती?"

ते वाढता वाढता थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू त्यांच्याबद्दल लिहा म्हणालास म्हणून सांगतो. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाकलेला, दबलेला असाही तो चेहरा नव्हता. ते वाट पाहत होते. मी काही बोलतो का, याची त्यांनी वाट पाहिली. तेवढा वेळ दिला मला. खिडकीबाहेर मुलं हात धूत होती, त्यांचा आवाज येत होता. आतल्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता.

मी बोललो नाही.

मग ते म्हणाले, "दोन, साहेब."

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, दोन. त्या म्हणाल्या, देव दोघांना सुखी ठेवो, तेही मी मराठीत सांगितलं. त्यांनी मान लववली, बाईंना नमस्कार केला आणि डाळीचं पातेलं घेऊन पुढं सरकले. माझ्या ताटापाशी आले. ताट तसंच भरलेलं होतं.

ते वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी सकाळपासून गाडीवर आहा साहेब, उपाशी असान. जेवून घ्या."

त्यांनी माझ्या भातावर डाळ वाढली, आणि मी जेवलो.

बापूजी